सामूकाकांचं गाऱ्हाणं

ऑफिसच्या टीमची टर्फवर मॅच होती आणि ग्रुपवर आलेलं लोकेशन उघडलं तर परळचं तेच मैदान. म्हणजे आमचंच. आता नाव वेगळं, चारी बाजूंनी उंच जाळी, खाली प्लास्टिकचं गवत आणि त्यात रबराचे काळे दाणे, जे बुटात शिरतात आणि घरी येऊन लादीवर सांडतात. तासाचं बुकिंग. तास भरला की भोंगा वाजतो आणि पुढची टीम आत घुसते, तुमचा बॉल कुठेही असो. मी बॅकला उभी होते आणि सारखं वाकून खाली बघत होते. ऑफिसमधली एक मुलगी ओरडली, "अगं काय पडलंय तुझं?" मी म्हटलं काही नाही. खरं तर मी मातीचा वास शोधत होते. येत होता तो तापलेल्या टायरचा.

इथे माती होती. लालसर, बारीक, पायाला पावडर लावल्यासारखी चिकटणारी. संध्याकाळी चार वाजता भिवाआजोबा पाइप घेऊन तिच्यावर पाणी मारायचे. भिवाआजोबा म्हणजे आमच्या चाळीतले सगळ्यात म्हातारे, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत, आणि त्यानंतर या मैदानात. फुटबॉलला आयुष्यात पाय लावला नाही, पण टीमचे सर्वेसर्वा तेच. लिंबं कापायची, बॉलमध्ये हवा भरायची, आणि मॅचच्या आधी गाऱ्हाणं घालायचं. ते महत्त्वाचं. आमची सगळी चाळ मालवणकडची. कुठलंही काम सुरू करायचं तर देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. घर बांधताना, लग्नाला निघताना. आमच्याकडे फुटबॉलच्या मॅचलाही. डाव्या पोस्टजवळ नारळ, पान, सुपारी, अकरा जण गोल करून, आणि मध्ये भिवाआजोबा डोळे मिटून. समोरची टीम वॉर्मअप सोडून बघत बसायची.

त्या गोलात एक माणूस नारळाला हात लावायचा नाही, पण शेजारीच उभा राहायचा आणि नंतर खोबरं सगळ्यात जास्त खायचा. तो सामूकाका.

खरं नाव शमुवेल. चाळीत ख्रिस्ती घर एकच, तळमजल्यावर जिन्याखालचं. बाबा आणि सामूकाका एकाच वर्षीचे, एकाच शाळेतले, टीममध्ये बाबा राइट बॅक आणि सामूकाका पुढे डावीकडे. मी लहान असताना काका खेळतच होते, पण आमच्यासाठी नाही, पैसे घेऊन. आधी एका कंपनीने खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं, मग गोव्याच्या क्लबने करार केला, मग एक सीझन कोलकाता. मला आठवतात ती वर्षं वासाने आठवतात. काका सुट्टीला आले की जिन्याखाली मलमाचा वास यायचा, तो डोळ्यात पाणी आणणारा, आणि त्यात मिसळलेला काजूंचा, कारण गोव्याहून काजूंची पिशवी यायची आणि त्यांची आई दारात बसून ती घरोघरी वाटून टाकायची. त्यांची बॅग नायलॉनची होती, तिच्या पट्ट्याला विमानाची कागदी टॅग अडकवलेली असायची. ती टॅग ते काढायचे नाहीत. मी ती फाडून नेली एकदा, पुस्तकात ठेवायला. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "अगो, आता मी परत कसा जाणार?" आणि मी खरंच रडायला लागले.

त्यांची मॅच टीव्हीवर दाखवली तेव्हा मंडळाच्या खोलीत आम्ही इतके जण बसलो होतो की पंख्याचा वारा कुणालाच लागत नव्हता. कॅमेऱ्याने काकांना दाखवलं ते बुटाची नाडी बांधताना. बस तेवढंच. पण खोलीत जो आवाज झाला ना. भिवाआजोबा टीव्हीला म्हणाले, "सामू, घट बांध रे," आणि सगळे हसले आणि त्यांची आई मात्र नाही हसली, ती पदराने चष्मा पुसत बसली.

मग ते खेळायचे थांबले. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. गुडघा, असं मोठी माणसं म्हणायची. गुडघ्यावर गांडुळासारखा वण होता, हात लावू द्यायचे. पण नुसत्या गुडघ्याने माणूस बायबल कॉलेजला जात नाही. काहीतरी झालं असेल त्या कोलकात्यात किंवा नंतर, त्यांची आई गेल्यावर. मधली तीन-चार वर्षं ते कुठेच नाहीत माझ्या आठवणीत. आणि मग एकदम आहेत, दाढीवाले, पांढरी कॉलर घातलेले, परळच्याच एका छोट्या मराठी चर्चचे पाळक. त्यांच्यात पास्टरला पाळक म्हणतात आणि चर्चच्या लोकांना मंडळी. मंडळीतली माणसं "पाळकसाहेब" म्हणायची आणि बाबा मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणायचे, "काय पाळकसाहेब, हँडबॉल कबूल केला का देवाकडे?"

"तो खांद्याला लागला होता."

"सामू, खांदा मनगटापर्यंत असतो काय रे तुझा?"

ते चर्च मला फार आवडायचं. कौलारू, बसकं, दोन टॉवरच्या मध्ये कुणीतरी विसरून ठेवल्यासारखं. आत लाकडी बाकांचा वास, पेटीच्या भात्याचा वास, जुन्या गीतांच्या पुस्तकांना येतो तो थोडा बिस्किटासारखा वास. नाताळला आम्ही सगळे जायचो, बाबा आंघोळ करून, गंध लावून. काका उपदेशात फुटबॉल आणायचेच. ऑफसाइड कशाला म्हणतात ते मला चर्चमध्ये कळलं. नंतर करंज्या. दिवाळीला आमच्याकडून ताट जायचं, नाताळला त्यांच्याकडून यायचं, ताटं इतकी वर्षं फिरली होती की कुठलं मूळ कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि रविवारी दुपारी चारला मैदान. काकांनी मंडळीतली आणि चाळीतली पोरं एकत्र करून खेळवायला सुरुवात केली होती, मुलीसुद्धा. मी तिथेच शिकले. ते शिकवताना शिट्टी वापरायचे नाहीत, टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे थांब, दोन म्हणजे पास दे. अजून मला रस्त्यात कुणी दोनदा टाळी वाजवली की डावा पाय उचलला जातो.

तर मी सोळा वर्षांची होते आणि भिवाआजोबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि आमच्या टीमची फायनल होती. मला हे भरभर सांगून टाकायचंय. नारळ ठेवला, पान ठेवलं, अकरा पोरं गोल करून उभी राहिली आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की मध्ये कुणी नाही. बाबांना येत नव्हतं. पक्याकाका, म्हणजे टीमचे जुने गोलकीपर, त्यांना पहिली ओळ यायची आणि पुढे नुसतं हसायला येत होतं. रेफ्री घड्याळ दाखवत होता. पोरं हटेनात. गाऱ्हाण्याशिवाय ती उतरलीच नसती, मला माहितीये ना, मीही नसते उतरले.

सामूकाका पायरीवर बसले होते, कॉलर घालून, सकाळच्या उपासनेवरून थेट आलेले. बाबा म्हणाले, "सामू, तुका पाठ आसा. पंधरा वर्षं कानाशी ऐकलंस."

काका म्हणाले, "अरे मी कसा म्हणू?"

पक्याकाका म्हणाले, "तोंडाने."

काकांनी चपला काढल्या. मग उठले, नारळाच्या बाजूला उभे राहिले, नारळाला हात लावला नाही, डोळे मिटले. मी पायरीवरून फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी अकरा लेकरा मैदानात उतरतत."

"होय म्हाराजा."

"कोणाचो गुडघो फिरा नको, कोणाचो घोटो मुरगळा नको."

"होय म्हाराजा."

"रेफ्रीच्या डोळ्यांत उजेड पडू दे."

"होय म्हाराजा." इथे रेफ्री पण हसला.

"समोरच्या पोरांच्याय आवशी घराकडे वाट बघतत. तेंकाय धड घराक पोचव."

"होय म्हाराजा."

अगदी भिवाआजोबांचा आवाज. आणि शेवटी ते थांबले, आवाज एकदम स्वतःचा झाला, आणि म्हणाले, "हे सगळं येशूच्या नावाने मागतो, आमेन." आणि पोरांनी सवयीने, त्यालाही, दणक्यात, "होय म्हाराजा."

एवढा आनंद झाला मला की कधी एकदा सगळ्यांना दाखवते असं झालं. तेव्हा स्टेटसला तीस सेकंदच बसायचे. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. मी शेवटचे दहा कापले. पुढचे नाही कापले कारण पुढे "बा देवा म्हाराजा" होतं आणि ते भारी होतं. वर लिहिलं, आमचे सामूकाका एक नंबर. टाकलं आणि मॅच बघायला लागले.

रात्रीपर्यंत तो कुठेही गेला होता. कुणीतरी माझ्या स्टेटसवरून उचलला, माझं वाक्य काढून आपलं घातलं, मग दुसऱ्याने दुसरं. एका बाजूचे विचारत होते, ह्यांना आमचं गाऱ्हाणं कशाला हवं. दुसऱ्या बाजूचे विचारत होते, आमचा पाळक नारळापुढे उभा राहून कुठल्या देवाला मागतोय. दोन्हीकडची माणसं काकांना कधी भेटलीही नव्हती. मी सकाळी उठून स्टेटस उडवलं; बाबा आणि चाळीतली मोठी माणसं स्टेटस उघडायचीच नाहीत, त्यांनी ते बघितलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं की संपलं.

चर्चच्या कमिटीने त्यांना बोलावलं. काका म्हणाले, मी येशूच्या नावाने मागितलं, शेवटी आमेन म्हटलं. कमिटी म्हणाली, व्हिडिओत नाही. काका म्हणाले, तिथे असलेल्यांना विचारा. मग बाबा आणि पक्याकाका इस्त्रीचे शर्ट घालून साक्ष द्यायला गेले. परत आले तेव्हा मी मोरीत भांडी विसळत होते. आईने विचारलं काय झालं.

बाबा म्हणाले, "विचारलं त्यांनी, आमेन म्हणाला का. आम्ही सांगितलं, म्हणाला. मग विचारलं, त्यावर तुम्ही सगळे काय म्हणालात?"

"मग?"

"मग काय. पक्याने म्हणून दाखवलं. मोठ्याने."

आईने कपाळाला हात लावला. बाबा पलंगावर बसले, शर्टाची बटणं काढत म्हणाले, "तो पुरा व्हिडिओ मिळाला असता ना. कोणी काढला होता देव जाणे."

आणि मी, हात साबणाचे, फोन खिशात, फोनमध्ये अख्खे चाळीस सेकंद, मी म्हटलं, "हो ना, कोणी काढला असेल?"

हे वाक्य मी म्हटलेलं आहे. मला बाबांची भीती वाटली. चाळीत तोंड दाखवायची भीती वाटली. पुढच्या रविवारी कमिटीची शेवटची मीटिंग होती, म्हणजे मला सात दिवस होते. कुणाच्या तरी नंबरवर पाठवायचा होता फक्त. इतर वेळी मी दिवसाला पन्नास गोष्टी पाठवते.

कमिटीने सांगितलं, मंडळीपुढे उभं राहून चूक झाली म्हणा. काकांनी नाही म्हटलं. मग त्यांची बदली झाली, मराठवाड्यात, कुठल्यातरी गावाला. टेम्पो आला त्या सकाळी जुनी टीम सामान चढवायला गेली होती. सामान कसलं, एक कपाट, पुस्तकांची खोकी, एक गादी. मी चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचं नाटक करत होते. टेम्पो वळताना काकांनी खिडकीतून वर बघितलं आणि हात केला. मला वाटलं मागे बाबा उभे असतील. मागे कुणी नव्हतं.

त्यानंतर टीम दोन सीझन चालली. गाऱ्हाणं कुणी घातलं नाही, घालायचं नावही काढलं नाही. रविवारचं चारचं खेळणं बंदच. मैदानावर आधी कुणाचं तरी सळ्या-सिमेंटचं सामान पडलं, मग पत्रे लागले, मग आता ही जाळी. जिन्याखालच्या खोलीत कुरिअरवाल्याचं गोदाम आहे. नाताळला ताट येत नाही, आणि आमच्याकडचं एक ताट आहे जे बहुतेक त्यांचंच आहे, त्यात आई आता पापड वाळवते.

मॅचवरून घरी आले आणि बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, सामूकाका कुठे असतात. बाबा म्हणाले, "आलाय ना इकडे, चार महिने झाले. भायखळ्याला बहिणीकडे. दोन्ही गुडघे गेले. पाळकपण सोडलं." मी म्हटलं तुम्ही भेटलात? बाबा म्हणाले, "एकदा. तो जास्त बोलत नाही आता."

आठ वर्षं झाली. जुना फोन कपाटात होता, काच तडकलेली. चार्जिंगला लावला तर अर्ध्या तासाने जागा झाला. व्हिडिओ होता. अख्खा. मी माझं सगळं भाषण ठरवलं. आधी माफी मागणार, मग त्यांना व्हिडिओ दाखवणार, मग म्हणणार की आज मी हा सगळीकडे टाकते, खाली सगळं खरं लिहिते, माझ्या नावाने. आता माझ्याकडे लोक पण बरेच आहेत बघणारे. मला खरंच वाटत होतं की आठ वर्षं आठ मिनिटांत उलटी फिरवता येतील.

भायखळ्याला भाजीच्या मार्केटच्या मागची गल्ली, रविवार दुपार, खाली कोथिंबिरीच्या काड्या आणि फुटलेले टोमॅटो. दुसरा मजला. दार त्यांच्या बहिणीने, मार्थाताईंनी उघडलं आणि आत जाऊन म्हणाल्या, "शमुवेल, चाळीतली आलीये." काका खुर्चीत होते, पाय स्टुलावर. दाढी पांढरी. कॉलर नाही, साधा बनियन. मलमाचा वास तोच, मी दारातच ओळखला.

माझं भाषण बिषण काही झालं नाही. मी म्हटलं, "काका, तो व्हिडिओ मी काढला होता," आणि रडायला लागले.

"माहितीये," ते म्हणाले. "त्यात तू हसतेस. रेफ्रीच्या वाक्याला. तुझं हसणं मी तू सहा वर्षांची असल्यापासून ऐकतोय."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? कमिटीला? एका पोरीला बोलवा म्हणून?" मग म्हणाले, "वर यायला निघालो होतो मी. मीटिंगच्या आदल्या दिवशी. जिन्यापर्यंत आलो. म्हटलं तुझ्याकडे पुरा असेल, मागावा. मग पहिल्याच पायरीवर उभा राहिलो आणि मला वाटलं की तिच्या मनात असतं तर ती आली असती."

मार्थाताईंनी चहा आणला आणि त्या परत आत गेल्या. मी फोन पुढे केला. त्यांनी व्हिडिओ बघितला. परत लावायला सांगितला. मला वाटलं ते स्वतःला बघतायत, पण ते बोट लावून पोरं दाखवत होते, हा आता कुठे असतो, हा अजून खेळतो का. शेवटचं आमेन आलं तेव्हा त्यांनी मान थोडी हलवली. बस.

मी म्हटलं, "मी आजच टाकते काका. सगळं लिहून. सगळ्यांना कळू दे."

"नको."

"पण तुमचं नाव..."

"कुणाला कळू दे? त्या कमिटीतले निम्मे गेले. भिवाआजोबा तर त्याआधीच गेले. चर्चला आता दुसरा पाळक आहे, चांगला आहे, पोरगाच आहे. त्याच्या दारात परत ती माणसं आणून सोडायची?" त्यांनी फोन मला परत दिला. "व्हिडिओ टाकू नकोस. लिहायचं तर लिही. लिहायला वेळ लागतो."

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मी विचारलं, माफ कराल का. मी ज्या आवाजात विचारलं त्यावर कुणीही हो म्हटलं असतं.

ते म्हणाले, "पाळक म्हणून करायचं असतं ते मी त्याच आठवड्यात केलं. गुडघे टेकून केलं, आणि हे गुडघे टेकणं म्हणजे काय ते तुला माहितीये. खरं केलं हं, देखल्या देवा दंडवत नाही." चहाचा कप त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला. "पण शमुवेलचं नाही झालं अजून. राग येतो. दुपारी जेवून पडलो ना, की येतो. त्या गावात दोनशे माणसं होती, सगळी प्रेमाची, पण मैदान नव्हतं. आठ वर्षं मी कुणाला पास दे म्हणालो नाही. तुझं तोंड आठवायचं मला. खोटं कशाला सांगू तुला?"

मी म्हटलं, "मग मी नको येऊ ना परत?"

"असं कुठे म्हटलं? ये की. राग आहे तोवर तर येच. न येता तो कसा जाणार?"

त्यामुळे मी जाते. दर रविवारी, चारला. बाबांना अजून सांगितलेलं नाही, ते हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल, आणि मग मला इकडेही बसावं लागेल समोर. काका कधी बोलतात, कधी नाही. मागच्या रविवारी मी त्यांच्या गुडघ्याला मलम लावू का विचारलं तर म्हणाले, मार्था लावते. काल सहावा रविवार होता. दार त्यांनी स्वतः उघडलं, भिंतीला धरून, आणि माझ्याकडे बघितलं. राग गेला का, ते मी विचारलं नाही. बघितल्यावर कळतं, आहे अजून. "बस," म्हणाले, आणि मी बसले.